सिद्रामची उदाहरणं आणि माझी उत्तरं

सिद्राम गेल्याची बातमी आली तेव्हा मी फोनवर "साडेबारा न्यूटन!" असं ओरडलो होतो. मित्राच्या मरणाची बातमी अशा थाटात घेणारा दुसरा माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात सापडायचा नाही. सकाळची वेळ होती. कमलनगरातलं माझं खत-बियाण्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं, हातात पेटलेली उदबत्ती, आणि मोबाइलवर सिद्रामचं नाव. आदल्या दिवशी त्यानं मला एक उदाहरण दिलं होतं. पंचवीस किलोचं पोतं फरशीवरून ओढायचं आहे, घर्षणाचा गुणांक शून्य पूर्णांक पाच, तर जोर किती लावावा लागेल? मला वाटलं, हा उत्तर वसूल करायला फोन करतोय. म्हणून 'हॅलो' म्हणायच्या आधीच मी उत्तर ठोकून दिलं. पलीकडून लक्ष्मीवहिनींचा आवाज आला, "भावजी, हे गेले. चहा पिऊन पेपर उघडला अन् तसंच..." त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ती उदबत्ती मी कुठं खोचली तेही आठवत नाही. संध्याकाळी सगळं आटोपून परत आलो तर ती काउंटरवरच्या कागदावर जळून पडली होती, आणि त्या कागदावर माझं उत्तर होतं. तेही चुकलेलं. गुरुत्वाकर्षणानं गुणायचंच मी विसरलो होतो. हवं होतं एकशे साडेबावीस. साडेबारा न्यूटन म्हणजे सव्वा किलोची गुळाची ढेप उचलायला लागतो तेवढा जोर. उभा जन्म पोती ओढण्यात गेलेल्या माणसानं हे उत्तर काढलं होतं. सिद्रामनं ऐकलं असतं तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, "झकास! हे उदाहरण घ्यायचं."

असं कामून, ते सांगतो. सिद्राम विज्ञानाचा मास्तर, आणि मी त्याचं मोजमापाचं यंत्र.

आम्ही दोघं इथल्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. सिद्रामचे वडील मेंढरं राखायचे, पुढं मेंढरं विकून दोन एकरांत राबायला लागले. माझ्या बापाचं हेच दुकान होतं. दहावीला मी शाळेत पहिला आलो आणि सिद्राम दुसरा. ही गोष्ट मी अजूनही कुठल्याही निमित्तानं सांगतो, आत्ताही सांगितलीच. मग आम्ही सायन्सला गेलो, आमच्याकडं अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात तिथं. पुस्तक इंग्रजी, मास्तर समजावणार कानडीत, आणि आमची डोकी मराठी. दहावीपर्यंत ज्या 'त्वरणा'वर मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते, तेच त्वरण इंग्रजी कपडे घालून समोर उभं राहिलं तर मला त्याची ओळख पटेना. दिवाळीच्या आत मी आर्ट्सला पळालो. सिद्राम राहिला. तो माझ्यापेक्षा हुशार होता म्हणून राहिला असं मी मानत नाही. समजलं नाही तर सरळ "न्हाई समजलं" म्हणायची त्याला लाज वाटायची नाही, आणि मी तर शाळेत पहिला आलेला!

पुढं तो मास्तर झाला. काही वर्षं चिटगुप्प्याला काढून मग आमच्याच मराठी शाळेत आला. तेव्हा त्याला दिसलं, की दर वर्षी त्याची चांगली चांगली पोरं सायन्सला जातात आणि दिवाळीच्या आत तोंड पाडून परत येतात. त्याच्या जिवाला ते फार लागायचं. देवाधर्माचा हट्ट त्यानं कधी केला नाही, बदलीचा केला नाही, बढतीचा केला नाही. हट्ट एकच... मराठी शाळेतलं पोर दिवाळीच्या आत सायन्समधून परत येता कामा नये. पुढं नापास झालं तरी चालेल, पण न समजल्याच्या भीतीनं पळालेलं चालणार नाही.

एका दुपारी तो दुकानात आला आणि त्यानं थेट विचारलं, "दत्तू, तू सायन्स कामून सोडलास रं?"

"समजलं न्हाई म्हून."

"काय समजलं न्हाई?"

"आता काय समजलं न्हाई ते समजलं असतं तर सोडलो कशाला असतो?"

तो युरियाच्या पोत्यावर बसला आणि पोट धरून हसला. "तू लई कामाचा माणूस हैस. कुठं होतास इतकी वर्षं?"

तेव्हापासून माझी नेमणूक झाली. दर रविवारी माझ्या गोदामात पीयूसीच्या पोरांचा वर्ग भरायला लागला. फी नाही, बाकं नाहीत, पोतीच बाकं. वर्गात द्यायचं प्रत्येक नवं उदाहरण सिद्राम आधी माझ्यावर चालवून बघायचा. मला बरोबर आलं तर ते बाद. "ह्याला काय जोर न्हाई," म्हणायचा. मी चुकलो तर मात्र त्याचा चेहरा उजळायचा. कुठं वळलो, का वळलो, कुठल्या पायरीवर मला काय वाटलं, हे तो इतक्या मायेनं विचारायचा, की डॉक्टरनं कधी माझ्या पोटदुखीची तेवढी चौकशी केली नाही. पोरं नेमकी तिथंच अडकायची. एकदा मी चिडून म्हणालो, "मी मुद्दाम चुकतो, तुला बरं वाटावं म्हून." तर म्हणतो, "मुद्दाम चुकायला अक्कल लागती दत्तू. तुझं ते देवाघरचं देणं हाय." आमची मंडळी आतून ऐकत होती. ती म्हणाली, "चला, कुणीतरी गुण घेतला म्हणायचा तुमचा."

त्याची उदाहरणं पुस्तकातली नसायची. पुस्तकातल्या गाड्या 'अ' गावाहून 'ब' गावाला जातात, सिद्रामच्या उदाहरणात आमच्या स्टँडवरची खाजाभाईंची जीप असायची. जाताना भरलेली, ताशी तीसच्या वेगानं. येताना रिकामी, ताशी साठच्या वेगानं. सरासरी वेग किती? मी फटकन पंचेचाळीस म्हणालो आणि सिद्राम खूश झाला. हळू जायला वेळ जास्त लागतो, म्हणून सरासरी चाळीस येते, हे मला पटायला दोन चहा लागले. उदाहरण पोरांत गेलं, पोरांकडून स्टँडवर गेलं, आणि तिसऱ्या दिवशी खाजाभाई दुकानाच्या पायरीवर हजर. "क्या मास्तर, मेरी जीप कब खाली आती जी? आन् तीसचा वेग? तीसनं तर माझी म्हैस जाती!" सिद्रामनं हात जोडले आणि सांगितलं, की उदाहरणापुरतंच आहे. "मग दुसऱ्याची गाडी घ्या उदाहरनाला," असं म्हणून खाजाभाई गेले. पुढच्या रविवारी सिद्रामनं दुसऱ्या एकाचं नाव घातलं, तर खाजाभाई पुन्हा आले. त्यांचं नाव काढल्याचा त्यांना जास्त राग आला होता.

युरियाची गंमत तर मी मेलो तरी विसरणार नाही. युरियाच्या पोत्यावर ४६ असा आकडा असतो. बापाच्या हाताखाली उभा राहिल्यापासून मी तो बघत आलो होतो, आणि खरं सांगतो, मला तो कारखान्याचा काहीतरी नंबर वाटायचा. एके दिवशी सिद्रामनं युरियाचं रेणुसूत्र लिहून दिलं आणि म्हणाला, ह्यात नायट्रोजन शेकडा किती ते काढ. मी काढला. सव्वातेवीस की काहीतरी. सिद्राम कागद बघून म्हणाला, "अर्धा नायट्रोजन खाल्लास की! रेणूत नायट्रोजनचे अणू दोन, तू एकच धरलास." मी नजर चोरून पोत्याकडं बघितलं, उत्तराची दुप्पट केली आणि म्हणालो, "शेहेचाळीस." क्षणभर मलाच काही कळेना. समोरचा ४६ आणि माझ्या कागदावरचा ४६... इतकी वर्षं ते पोतं माझ्याशी बोलत होतं, आणि मी नुसता त्याच्यावर बसत होतो! मी भारावलेला बघून सिद्राम बारीक आवाजात म्हणाला, "पोत्यावर बघून केलास न्हवं?" मी कबूल केलं. "पोरं बी हेच करतेत," तो म्हणाला, आणि उदाहरणात युरिया काढून अमोनियम सल्फेट घातलं. त्याचं पोतं त्या दिवसांत माझ्या दुकानात नव्हतं.

आणि विहीर! सिद्रामच्या शेतात जुनी खोल विहीर आहे. दगड सोडायचा, पाण्याचा आवाज येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि त्यावरून पाणी किती खोल ते काढायचं, असा बेत होता. पोरं कठड्याभोवती उभी, सिद्रामच्या हातात घड्याळ, आणि दगड सोडायचा मान माझा. एका हातात दगड, दुसऱ्या हातात दुकानाच्या चाव्या. सिद्राम म्हणाला, "सोड!" आणि मी चाव्या सोडल्या. डुबुक आवाज आला तरी दगड माझ्या हातातच होता. पोरं हसून हसून खाली बसली. मी विहिरीत डोकावून रडकुंडीला आलो होतो, आणि हा पठ्ठ्या शांतपणे घड्याळ बघून पोरांना म्हणतो, "वेळ लिहून घ्या. आता दत्तूकाका दगड टाकतील." मी दगड टाकला. वेळ जवळजवळ तेवढीच आली. "बघा," सिद्राम म्हणाला, "जड असो की हलकं, पडायला वेळ सारखाच. असं डोळ्यानं दाखवणारा माणूस तुम्हाला बेंगळुरूत बी मिळणार न्हाई." कुलूप फोडून मी दुकान उघडलं. त्या तुकडीतल्या पोरांना आजही तो नियम पुस्तकातल्या नावानं आठवत नाही, 'चावीचा नियम' म्हणून आठवतो.

पण सगळंच हसण्यावारी नव्हतं. त्याच्या पहिल्या तुकडीत सुमेधा नावाची पोरगी होती. मंठाळची. वडील गवंडीकाम करायचे, ती इथं मावशीकडं राहून शिकायची. घटक चाचणीत तिला फार कमी मार्क पडले आणि वडिलांनी निरोप धाडला, की पोरीला आर्ट्सला घालतो, उगाच तिचं डोकं कशाला पिकवायचं. सिद्राम मला स्कूटरवर मागं बसवून मंठाळला गेला. दोघांनी मिळून समजावलं तर वजन पडेल, असा त्याचा हिशोब होता. आणि मी वजन टाकलं! चहा झाल्यावर घसा खाकरून म्हणालो, "दादा, घाबरू नका. मी बी सायन्स सोडून आर्ट्सलाच गेलो होतो. माझं काय वाईट झालं?"

सुमेधाचे वडील सिद्रामकडं वळले. "बघा सर. ह्यांचं तर बेस चाललंय की."

सिद्रामनं माझ्याकडं जे बघितलं ना... तशी नजर कुणाच्या नशिबी येऊ नये. पण तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "दादा, दुकान बेसच चाललंय ह्याचं. पण ह्याला एवढं इचारा, की सायन्स सोडल्याचं वाईट वाटतं का."

सुमेधाच्या वडिलांनी विचारलं नाही, नुसतं बघितलं. चेष्टेत काहीतरी बोलून सुटायची माझी सवय, पण त्या वेळी जीभ उचलेना. चुलीपाशी ती पोरगी उभी होती आणि माझ्याच तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "वाटतं. अजून वाटतं." एवढंच. वडील म्हणाले, "शिकू द्या मग." परतताना सिद्राम स्कूटर चालवत म्हणाला, "दत्तू, आज तुझं पहिलं उत्तर बरोबर आलं." मी मागं बसलो होतो ते बरं, माझं तोंड त्याला दिसलं नाही.

सुमेधा आता गुलबर्ग्याला, म्हणजे कलबुर्गीला, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सिद्राम गेल्यावर तिनं न विचारताच ठरवून टाकलं, की रविवारचा वर्ग थांबायचा नाही. शनिवारी संध्याकाळी ती मंठाळला येते आणि रविवारी सकाळी इथं. गणपतीच्या आधी सिद्राम गेला आणि पुढच्याच रविवारी वर्ग भरला. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

पण आमच्याकडून एक खुळेपणा झाला. गोदामाची एक भिंत काळी रंगवून सिद्रामनं फळा केला होता. त्याची पद्धत अशी, की माझी चूक तो पुसायचा नाही. डाव्या अर्ध्या फळ्यावर माझं चुकलेलं, उजव्या अर्ध्यावर त्यानं पोरांकडून वदवून घेतलेलं बरोबर, आणि दोन्ही पुढच्या रविवारपर्यंत तसंच. शेवटच्या रविवारचं उदाहरण आंघोळीच्या पाण्याचं होतं. ऐंशी अंशांचं एक लिटर कढत पाणी, वीस अंशांचं तीन लिटर गार पाणी. बादलीत एकत्र केलं तर किती अंश होईल? मी आपला सरासरीचा जुना रोगी, ऐंशी आणि वीस मिळवून निम्मे केले आणि हे भलंमोठं '५०' लिहिलं. उजवीकडं सिद्रामचं अक्षर, बारीक, तिरकं, शेवटी ३५ आणि त्याखाली दोन रेघा. तेराव्यानंतर लक्ष्मीवहिनी गोदामात आल्या, त्या अक्षराखाली भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि तशाच माघारी गेल्या. त्यानंतर ते पुसायची कुणाची छाती होणार? सुमेधा खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर उरलेल्या पट्टीत वाकून लिहायची. मी रोज फळ्याला उदबत्ती ओवाळायला लागलो होतो. खताच्या गोदामात!

दसऱ्यानंतरच्या रविवारी वर्गाच्या आधी अंजली दुकानात आली. यंदा पीयूसीला गेलेली पोरगी, पलीकडच्या वाडीवरून जीपनं येते, म्हणून नेहमी उशिरा येऊन सगळ्यांच्या मागं बसते. हात ओढणीत गुंडाळून म्हणाली, "काका, मी आर्ट्सला जायलाय."

"कामून गं?"

"समजंना."

"काय समजंना?"

माझ्यासारखं "तेच तर समजत न्हाई" म्हणेल असं मला वाटलं. पण ही पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. म्हणाली, "ताई खाली वाकून लिवतेत, ते मागून दिसतच न्हाई. म्होरल्यांची डोकी आडवी येतेत. एक पायरी सुटली की सगळंच सुटतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"कसं सांगू काका?" तिनं मान खाली घातली. "सरांचं पुसा, म्हनू?"

मी आत गेलो, बादलीत फडकं बुचकळलं, आणि फळ्यापुढं उभा राहिलो. दिवाळीच्या आत पोर परत येऊ नये म्हणून ज्यानं जन्म घालवला, त्याच्याच अक्षरापायी एक पोर परत चाललं होतं. तरी हात धजेना. शेवटी मनात पळवाट काढली, की आपली अर्धी बाजू पुसू, तेवढी जागा पुष्कळ झाली. डोळे भरून आले होते, म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुसायला लागलो. जोर लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसलं. मागं पोरांची कुजबुज एकदम थांबली. चष्मा लावून बघतो तर डावीकडं माझं '५०' जसंच्या तसं, आणि उजवी बाजू स्वच्छ काळी... पाणी ओघळत होतं.

दारात सुमेधा उभी होती, नुकतीच बसमधून उतरून आलेली. मला वाटलं आता ही रडते. ती ओल्या भिंतीकडं बघत राहिली, मग माझ्या हातातल्या फडक्याकडं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं डोळे पुसले. "काका, सरांचं पुसून स्वतःचं ठेवलात?"

"चष्मा न्हवता गं..."

"राहू द्या. सर असते तर त्यांनी बी हेच ठेवलं असतं." मग तिनं दाराशी घुटमळणाऱ्या अंजलीच्या हातात खडू दिला. "काकांचं पन्नास कसं काय चुकलं, सांग बघू."

अंजली ओल्या फळ्यापुढं उभी राहिली. तिनं सूत्र लिहिलं नाही. बराच वेळ माझ्या पन्नासाकडं बघत होती. "गार पानी तीन वाटे हाय," ती हळू आवाजात म्हणाली, "मग ते मधोमध कसं थांबंल? गाराकडंच वढणार की." मग लिहायला लागली. ऐंशीवरून खाली येत येत, वीसवरून वर चढत चढत, एकेक आकडा खोडत ती पस्तीसवर थांबली. "कढत पान्यानं पंचेचाळीस सोडले. गार पान्यानं लिटरमागं पंधरा घेतले. तीन पंधरं पंचेचाळीस." आणि मागं वळून, जरा चकित होऊनच म्हणाली, "ताई, जेवढं ह्यानं दिलं तेवढंच त्यांनी घेतलं. कुठंच कमी न्हाई पडलं."

ओल्या भिंतीवर खडू नीट उमटत नव्हता. भिंत वाळत गेली तसतसं तिचं अक्षर पांढरं होत गेलं. अंजली मागं गेली नाही, पुढच्याच पोत्यावर बसली, माझ्या शेजारी, आणि मला जरा सरकायला लावलं. दिवाळी होऊन गेली, फराळ संपला, आणि परवाच्या रविवारीही ती त्याच पोत्यावर होती. आता फळा दर रविवारी पुसतो. पुसताना चष्मा लावतो. डावी बाजू अजून माझ्याकडंच आहे आणि तिथं दर आठवड्याला काहीतरी नवं चुकतं.